‘राग आवरा, प्रमाणपत्र आणा’: अमेरिकी न्यायालयांचे ऑनलाइन वर्ग आणि आदेशातील एक ओळ

निकालपत्रातील बाकीचा मजकूर ओळखीचा असतो. दंड किती, प्रोबेशन किती महिन्यांचे, फिर्यादीपासून किती दूर राहायचे, हे कोणत्याही देशातील फौजदारी न्यायालयात चालणारेच. मात्र अमेरिकेतील एखाद्या काउंटीच्या न्यायालयात हाणामारी, शेजाऱ्याशी झटापट किंवा रस्त्यात गाडी आडवी घालून केलेली दमदाटी अशा प्रकरणाचा निकाल लागतो, तेव्हा त्यात पुष्कळदा आणखी एक ओळ असते. आरोपीने अमुक तासांचा ‘अँगर मॅनेजमेंट’ वर्ग अमुक तारखेच्या आत पूर्ण करावा आणि त्याचे प्रमाणपत्र न्यायालयात सादर करावे.

ही ओळ वाचून आपल्याकडच्या माणसाला हसू येण्याचीच शक्यता अधिक. राग काय शिकवणी लावून जातो? २००३ मध्ये ‘अँगर मॅनेजमेंट’ याच नावाचा हॉलिवूडपट आला, तोही विनोदी होता. प्रत्यक्षातील उदाहरणांनाही अशीच तमाशाची कळा येते. ब्रिटिश मॉडेल नाओमी कॅम्पबेल हिने घरकाम करणाऱ्या महिलेला मोबाइल फेकून मारला. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात तिने गुन्हा कबूल केला, तेव्हा तिला पाच दिवस शहराच्या सफाई खात्यात काम करण्याची शिक्षा झाली आणि सोबत दोन दिवसांचा रागनियंत्रण वर्ग. झाडू घेऊन जाणाऱ्या कॅम्पबेलसाठी छायाचित्रकारांची झुंबड उडाली. वर्गाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्या काळी हे वर्ग समाजकेंद्राच्या खोलीत किंवा समुपदेशकाच्या कार्यालयात भरत. घडीच्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या आणि मध्यभागी फळा. ऑनलाइन वर्ग तेव्हाही होते, पण अनेक न्यायाधीश त्यांच्याकडे संशयानेच पाहत. २०२० च्या महासाथीत न्यायालये स्वतःच पडद्यावर आली आणि ‘समोरासमोरच हवे’ हा आग्रह सैल पडला. आता असा आदेश मिळालेला माणूस निकालाच्या दिवशीच घरी येऊन मोबाइलवर वर्ग शोधू लागतो. त्याला डझनभर संकेतस्थळे सापडतात, आणि जवळजवळ प्रत्येकावर ‘न्यायालयमान्य’ असा शिक्का झळकत असतो.

गोव्यातील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आज अमेरिकेत आहे. अशा घरात कधीतरी अवेळी फोन येतो. ‘पोलिसांनी नेले होते, पण काही मोठे नाही. एक ऑनलाइन कोर्स करायचा, की मिटले.’ ते खरोखरच मिटते का, हे त्या ओळीत नेमके काय लिहिले आहे आणि ती ओळ कोणत्या कबुलीच्या बदल्यात पदरात पडली, यावर ठरते.

वर्गात शिकवतात काय?

रागावर प्रवचन असे या वर्गांचे स्वरूप नसते. त्यांचा उगम मानसशास्त्रात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रेमंड नोवाको यांनी १९७५ मध्ये रागनियंत्रणाच्या प्रायोगिक उपचारावर पुस्तक प्रसिद्ध केले. राग ही भावना तीन धाग्यांनी विणलेली असते, अशी त्यामागची मांडणी आहे: शरीरात उठणारी उसळी, त्या क्षणी मनात येणारा अर्थ आणि त्यानंतरची कृती. पहिला धागा आपल्या हाती फारसा नसतो, दुसरा बऱ्याच अंशी असतो आणि तिसरा तर सरावाने नक्कीच हाती येतो.

आज अमेरिकेत सर्वत्र वापरली जाणारी एक पुस्तिका व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या संघराज्य सरकारच्या संस्थेने २००२ मध्ये काढली. २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि अनेक खासगी वर्गांच्या अभ्यासक्रमात तिच्याशी मिळतेजुळते बरेच काही आढळते. पुस्तिकेतील आराखडा बारा आठवड्यांचा. दर आठवड्याला दीड तासाची बैठक आणि गटात आठच्या आसपास माणसे.

पहिल्या काही बैठकांत ‘रागाचा मापक’ येतो. एक म्हणजे शांत, दहा म्हणजे स्फोट, ज्याच्या परिणामी काहीतरी वाईट घडून गेलेले असते. आठवडाभरात आपला पारा कुठवर चढला, हे प्रत्येकाने गटात सांगायचे. हा प्रकार बालिश वाटतो, पण त्यामागे एक साधे निरीक्षण आहे. रागीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेकांच्या हिशेबी एक आणि दहा एवढेच आकडे असतात. मधले आकडे त्यांनी कधी मोजलेलेच नसतात. ‘मला काही कळलेच नाही, एकदम तळपायाची आग मस्तकात गेली,’ हे वाक्य ते मनापासून उच्चारतात. मग गटाचा मार्गदर्शक एकेक खूण विचारत जातो. जबडा कधी आवळला गेला? आवाज कधी चढला, येरझाऱ्या कधी सुरू झाल्या? ‘हा मला मुद्दाम खिजवतोय’ हा विचार नेमका कधी आला? शरीराच्या, वागण्याच्या, भावनांच्या आणि विचारांच्या अशा चार प्रकारच्या खुणा पुस्तिकेत सांगितल्या आहेत. चार किंवा पाचवर असताना त्या ओळखता आल्या तर काही करता येते. नऊवर पोहोचल्यावर फारसे काही हाती उरत नाही.

दुसरे साधन ‘टाइम आउट’. भांडण पेटते आहे असे दिसताच तिथून निघून जायचे आणि शांत झाल्यावर परत येऊन बोलायचे. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो, कारण दार आपटून निघून जाणे हे कित्येकांना आधीपासूनच उत्तम जमत असते. पुढच्या बैठकांत प्रसंगाचा लावलेला अर्थ तपासून पाहणे, दबून न जाता व अंगावर न जाता आपले म्हणणे मांडणे यांचा सराव होतो. नववी व दहावी बैठक लहानपणीच्या घराविषयी असते. वडील रागावल्यावर काय करीत, आई काय करी आणि तुम्ही कुठे लपत होता, असे प्रश्न तिथे निघतात. अनेकांच्या बाबतीत वर्गाचा खरा आरंभ तिथेच होतो.

आपल्याकडे ‘मनात ठेवू नये, एकदा ओरडून मोकळे व्हावे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. संशोधनाचा कौल उलट आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसून आले की, शरीराची उत्तेजना कमी करणारे उपाय राग उतरवतात. ती वाढवणाऱ्या हालचालींनी, उदाहरणार्थ धावून किंवा उशी बडवून, राग कमी होतो असे दिसत नाही.

‘ऑनलाइन’ या एका शब्दाचे दोन अर्थ

येथून गोंधळ सुरू होतो. ऑनलाइन म्हणून विकले जाणारे वर्ग दोन निरनिराळ्या जातींचे असतात. पहिल्यात पडद्यावर मजकूर आणि चित्रफिती येतात, खाली प्रश्न असतात. पान फार लवकर उलटू नये म्हणून घड्याळ लावलेले असते आणि शेवटच्या चाचणीनंतर प्रमाणपत्र निघते. हा वर्ग रात्री दोन वाजताही करता येतो. तिथे दुसरे माणूस नसतेच. दुसऱ्या जातीचा वर्ग ठरलेल्या वेळी झूमसारख्या माध्यमावर भरतो. मार्गदर्शक असतो, गट असतो, कॅमेरा सुरू ठेवावा लागतो आणि हजेरी घेतली जाते.

किरकोळ प्रकरणात चार किंवा आठ तासांचा आदेश असेल, तर पहिला प्रकार अनेक न्यायालयांत चालून जातो. मुदत लांब असेल, हिंसा गंभीर असेल किंवा गुन्हा दुसऱ्यांदा घडला असेल, तर मार्गदर्शकासह चालणारा वर्ग, काही वेळा प्रत्यक्ष हजेरीचाच, मागितला जातो. हे ठरवणारी देशपातळीवरची एक संस्था अमेरिकेत नाही. राज्यागणिक कायदा वेगळा असतो, काउंटीगणिक प्रथा वेगळी आणि एकाच इमारतीतील दोन न्यायाधीशांचे मतही वेगळे असू शकते. त्यामुळे संकेतस्थळावरील ‘सर्व ५० राज्यांत मान्य’ या शब्दांना जाहिरातीपलीकडे अर्थ नाही. मान्यता देतो तो आदेश काढणारा न्यायाधीश, किंवा त्याच्या वतीने प्रोबेशन अधिकारी.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आदेशाची प्रत काढून तासांचा आकडा, वर्गाचे नाव, मुदतीची तारीख आणि प्रमाणपत्र कोणाकडे द्यायचे, हे वाचावे लागते. ‘१२ तास’ आणि ‘१२ आठवडे’ यांत गल्लत करणारे लोक कमी नाहीत. काउंटीची मान्य वर्गांची यादी असल्यास ती प्रोबेशन कार्यालयात मिळते. यादी नसेल तर निवडलेल्या वर्गाचे नाव आणि आराखडा वकिलामार्फत पाठवून लेखी होकार घेणे हाच सुरक्षित मार्ग. अधिकारी फोनवर ‘चालेल’ म्हणाला होता, हे सहा महिन्यांनी बदलून आलेल्या नव्या अधिकाऱ्यापुढे सिद्ध करता येत नाही. नोंदणीतील नाव आदेशातील नावाशी जुळायला हवे. मराठी माणसाच्या बाबतीत ही बारीक बाब नाही, कारण मधले वडिलांचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. प्रमाणपत्रावर खटला क्रमांक, पूर्ण केलेले तास, तारीख आणि वर्ग चालवणाऱ्याची सही असावी. ते न्यायालयाच्या नोंदीत दाखल झाल्याची पोचही जपून ठेवावी. आपल्याऐवजी मित्राला पडद्यासमोर बसवणे किंवा प्रमाणपत्र बनावट करणे हा तर नवा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि तोही पहिल्यापेक्षा जड.

चुकीचा वर्ग

सर्वात महाग पडणारी चूक तासांची नव्हे, वर्गाच्या प्रकाराची असते. पत्नीवर किंवा जोडीदारावर हात उगारल्याचे प्रकरण असेल, तर अनेक राज्यांत अँगर मॅनेजमेंटचा वर्ग मुळीच पुरत नाही.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम १२०३.०९७ पाहावे. कौटुंबिक हिंसेत दोषी ठरलेल्याला प्रोबेशनवर सोडायचे असेल, तर किमान एक वर्षाचा वेगळा कार्यक्रम बंधनकारक आहे. आठवड्याला एक बैठक, ती किमान दोन तासांची. सबळ कारणासाठी संपूर्ण काळात फार तर तीन गैरहजेऱ्या माफ होतात आणि सारे १८ महिन्यांत संपवावे लागते. दर तीन महिन्यांच्या आत प्रगतीचा अहवाल न्यायालयात जातो. कार्यक्रमाला मान्यता काउंटीचे प्रोबेशन खाते देते. हा आदेश हाती असताना कोणी आठ तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र नेऊन दिले, तर न्यायालयाच्या लेखी त्याने काहीच केलेले नसते. मुदत मात्र उलटून गेलेली असते.

असा भेद का केला, हे समजून घेण्यासारखे आहे. मिनेसोटा राज्यातील डुलुथ या शहरात १९८० च्या दशकाच्या आरंभी मारहाण सोसलेल्या स्त्रियांशी बोलून एक कार्यक्रम उभा राहिला. त्या स्त्रियांच्या सांगण्यातून जे पुढे आले, त्यात राग हा मुख्य मुद्दाच नव्हता. पैसे कोणाच्या हाती, माहेरी फोन करायचा की नाही, मुलांना ढाल कसे केले जाते, धमकी कशी दिली जाते, अशा धाकाच्या रोजच्या गोष्टी त्यात होत्या. साहेबाने चारचौघांत अपमान केला तरी जो माणूस ऑफिसात ओठ मिटून बसतो आणि घरी आल्यावर पत्नीवर हात टाकतो, त्याला राग आवरता येत नाही असे कसे म्हणावे? त्याला तो आवरता येतो. कुठे आवरायचा नाही, हेही त्याने ठरवलेले असते. अशा माणसाला दहापर्यंत आकडे मोजायला शिकवून फारसे काही बदलत नाही, असा या कार्यक्रमांमागचा विचार आहे. डुलुथच्या पद्धतीच्या परिणामकारकतेवर अभ्यासकांत वाद आहेत. पण राग आणि धाक यांतला भेद कायद्यात उतरला, तो बऱ्याच अंशी या विचारामुळे. कॅलिफोर्नियाचा कायदा तर या कार्यक्रमात पती-पत्नीचे एकत्र समुपदेशनही होऊ देत नाही. मार खाणारी व्यक्ती मारणाऱ्याच्या शेजारी बसून खरे बोलेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

ऑनलाइन बैठकांची खरी अडचणही इथेच दिसते. वर्ग घरातून चालतो. शेजारच्या खोलीत पत्नी आणि मुले आहेत का, ती काय ऐकत आहेत, पडद्याच्या चौकटीबाहेर कोण बसले आहे, सहभागी माणूस पिऊन आला आहे का, हे मार्गदर्शकाला कळत नाही. समोरासमोरच्या खोलीत निदान वास येतो. दुसरीकडे, ज्याच्याकडे गाडी नाही, जो दोन पाळ्यांत काम करतो किंवा सर्वात जवळचे केंद्र ज्याच्यापासून शंभर मैलांवर आहे, त्याला ऑनलाइन वर्ग नाकारणे म्हणजे त्याची मुदत मुद्दाम चुकवणे होय.

वर्गांनी राग खरोखर कमी होतो का? १९९८ मध्ये रिचर्ड बेक आणि एफ्रेम फर्नांडिस यांनी ५० अभ्यास व १,६४० व्यक्तींची आकडेवारी एकत्र केली. या पद्धतीचा उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या ७६ टक्के व्यक्तींपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचे त्यांना आढळले. हा निष्कर्ष आशादायक आहे, पण तो माणसांनी माणसांवर केलेल्या उपचारांचा आहे. ‘पुढे’ हे बटण दाबत गाठलेल्या शेवटच्या पानाला तो लागू करणे धाडसाचे ठरेल.

कबुलीची किंमत

अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्यांसाठी, म्हणजे एच-१बी व्हिसावर असलेल्या, विद्यार्थी म्हणून गेलेल्या आणि ग्रीन कार्डधारक अशा सर्वांसाठी, खरी टाच पुढे आहे. वर्गाचा आदेश निरनिराळ्या वाटांनी येतो. एका वाटेत गुन्हा कबूल केला जातो आणि शिक्षेचा भाग म्हणून वर्ग मिळतो. दुसऱ्या वाटेला ‘डायव्हर्जन’ म्हणतात. यात खटला बाजूला ठेवला जातो, अटी पूर्ण झाल्या की तो काढून टाकला जातो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून किरकोळ गुन्ह्यांत सरकारी वकिलाचा विरोध असला तरी न्यायाधीशाला २४ महिन्यांपर्यंतचे असे डायव्हर्जन देता येते; कौटुंबिक हिंसेची कलमे त्यातून वगळली आहेत.

राज्याच्या न्यायालयात या दोन वाटांचा शेवट सारखाच दिसू शकतो. खटला निकाली, माणूस मोकळा. संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्याची नजर मात्र वेगळी आहे. त्या कायद्यातील ‘दोषसिद्धी’च्या व्याख्येप्रमाणे आरोपीने गुन्हा कबूल केला असेल, किंवा दोषी ठरवण्यास पुरेशी तथ्ये मान्य केली असतील, आणि न्यायाधीशाने कोणतीही शिक्षा किंवा स्वातंत्र्यावर कोणतेही बंधन घातले असेल, तर ती दोषसिद्धीच. राज्याने नंतर खटला काढून टाकला तरी सहसा फरक पडत नाही. २०१७ मध्ये टेक्सासमधील एका प्रकरणात इमिग्रेशन अपील मंडळाने हेच धरून खटल्यापूर्वीच्या कराराला दोषसिद्धी मानले, कारण आरोपीने त्यात तथ्ये मान्य केली होती. कौटुंबिक हिंसेच्या गुन्ह्यातील दोषसिद्धी तर देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे, ग्रीन कार्ड असले तरीही.

अशा सल्ल्याची जबाबदारी वकिलावर आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘पॅडिला विरुद्ध केंटकी’ या खटल्यात स्पष्ट केले. होसे पॅडिला हे चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेचे कायम रहिवासी होते आणि व्हिएतनाम युद्धात त्या देशाकडून लढले होते. इतकी वर्षे इथे आहात, काळजी नको, असे वकिलाने सांगितल्यावर त्यांनी अमली पदार्थांच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि त्यांच्यावर हद्दपारीची वेळ आली. कबुलीमुळे हद्दपारी ओढवू शकते हे अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही किरकोळ प्रकरणे झटपट निकाली निघतात, आणि ‘फक्त वर्ग करा, तुरुंग नाही’ हा प्रस्ताव घाबरलेल्या माणसाला सुटकेसारखा वाटतो. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यायचा तो कबुलीच्या आधी. वर्ग पूर्ण झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला बहुधा उत्तर उरलेले नसते.

भारतात ठरावीक तासांचा रागनियंत्रण वर्ग ही कायद्यात लिहिलेली शिक्षा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली, तीही मोजक्या गुन्ह्यांसाठी. जवळची तरतूद आहे ती कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मधील कलम १४. दंडाधिकारी प्रतिवादीला किंवा पीडितेला, एकेकट्याने अथवा एकत्र, समुपदेशन घेण्याचा आदेश देऊ शकतात. ‘एकत्र’ या शब्दापाशी आपला कायदा कॅलिफोर्नियापासून फारकत घेतो. मात्र २००६ च्या नियमांत एक गोष्ट बजावून सांगितली आहे: केलेल्या हिंसेचे समर्थन करायला समुपदेशनात मुभा नाही, आणि हे प्रतिवादीला आरंभीच सांगायचे.

राहता राहिला प्रश्न आदेश अर्धवट असताना मायदेशी आलेल्यांचा. प्रोबेशनवरील माणसाला देश सोडण्यासाठी परवानगी लागते. ती मिळाली आणि ऑनलाइन वर्गही मान्य झाला, तरी घड्याळ तिथलेच चालते. कॅलिफोर्नियातील संध्याकाळी सातचा वर्ग पणजीत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला असतो आणि तिथे हिवाळ्यात घड्याळे मागे गेली की साडेआठला. त्या बदलाच्या आठवड्यात चुकलेली बैठक गैरहजेरीच धरली जाते. मुदतीच्या तारखेला प्रमाणपत्र पोहोचले नाही, तर न्यायाधीश अटक वॉरंट काढू शकतात. ते वॉरंट संगणकात पडून राहते आणि पुढच्या फेरीत, विमानतळावरच्या इमिग्रेशन खिडकीशी पासपोर्ट पुढे केल्यावर समोर येऊ शकते.